६ मीटरचा बार, बँडसॉ आणि सीबीसी: ब्रँच अँड बाऊंड सॉल्व्हर कामाला कसा लावायचा

बेळगावात उद्यमबागेत नाहीतर मच्छेला कुठल्याही मशीन शॉपमध्ये जावा, बँडसॉच्या मागं तुकड्यांचा ढीग दिसणारच. कुठं तीनशे मिमी, कुठं अर्धा मीटर, कुठं पाऊण. त्यातलं थोडं कुणालाच टाळता येत नाही, पण बरंचसं "आधी मोठे पीस काढूया, उरलेल्यात बारके बसवूया" या सवयीनं पडलेलं असतं. आता स्टीलचा भाव बघता हे भंगारात घालवायचं म्हणजे जीवावर येतंय की. तर कुठल्या बारमधून काय कापायचं हे गणित फुकटच्या सॉफ्टवेअरवर कसं सोडवायचं ते सांगतो. पायथॉन थोडंफार येत असलं की बास, गणितातली डिग्री लागत नाही.

असली गणितं सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरला सॉल्व्हर म्हणतात, आपल्या सॉल्व्हरचं नाव सीबीसी, म्हणजे कॉईन-ओआर ब्रँच अँड कट. कॉईन-ओआर हा ओपन सोर्स प्रोजेक्ट आयबीएमनं २००० साली सुरू केला, सीबीसी सी-प्लस-प्लसमध्ये आहे, त्याचा मुख्य लेखक जॉन फॉरेस्ट. लायसन्स एक्लिप्स पब्लिक, म्हणजे कंपनीच्या कामाला वापरला तरी पैसे द्यायचे नाहीत. आतली ब्रँच अँड बाऊंडची पद्धत मात्र जुनी, १९६० ची, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या आयल्सा लँड आणि ॲलिसन डॉइग या दोघींची. नाव नंतर पडलं, १९६३ च्या एका पेपरात, आणि त्या पेपरच्या चार लेखकांत कट्टा मूर्ती हे आपल्याकडचे.

आधी हातानं एकदा करून बघा

हा भाग गाळून थेट कोडकडं पळू नका, कारण सॉल्व्हर अडकला की का अडकला ते इथंच कळतं.

समजा व्हीएमसीवर, म्हणजे व्हर्टिकल मशीनिंग सेंटरवर, १३ तास मोकळे हायत. दोन जातीचे जॉब पडून आहेत. पहिल्याला ७ तास लागतात आणि ९०० रुपये सुटतात, दुसऱ्याला ४ तास आणि ५०० रुपये. तासाच्या हिशोबानं पहिला भारी, १२८ रुपये आणि वर थोडे, दुसरा १२५. म्हणून कुणीही पहिला एक घेईल, उरलेल्या ६ तासांत दुसरा एक, झाले १४०० आणि मशीन २ तास रिकामं.

सॉल्व्हर सुरुवातीला मुद्दाम सूट देतो, म्हणतो जॉब अर्धामुर्धा केला तरी चालेल. मग १३ भागिले ७, पहिला जॉब १.८५, पैसे १६७१. असा जॉब कोण करत नाही, पण एक गोष्ट पक्की झाली, काहीही केलं तरी १६७१ च्या वर जाता येणार नाही. हाच बाऊंड. आता १.८५ चे दोन रस्ते करायचे, पहिला जॉब एक किंवा कमी, नाहीतर दोन किंवा जास्त. दोनला १४ तास लागतात, रस्ता बंद. एकच्या रस्त्यावर पहिला १ आणि दुसरा १.५, पैसे १६५०. परत तुटकं आलं, परत दोन रस्ते, दुसरा जॉब एक किंवा कमी, नाहीतर दोन किंवा जास्त. दोनवाल्या रस्त्यावर ८ तास गेले, उरलेल्या ५ तासांत पहिला जॉब ७ पैकी ५ भाग होतो, पैसे साधारण १६४३. हा आकडा मोठा म्हणून आधी हा रस्ता धरूया. इथं पहिला एक घ्यावा तर १५ तास होतात, बंद. शून्य घ्यावा तर दुसरा ३.२५ होतो, चार घेतले तर १६ तास, तेही बंद, तीन घेतले तर १२ तास आणि १५०० रुपये. पूर्ण आकड्यातलं उत्तर हातात आलं.

आता मागं एक रस्ता राहिलाय, जिथं दुसरा जॉब एकच करायचा. तिथं जास्तीत जास्त १४००. हातात १५०० आहेत, मग तिकडं जायचंच कशाला? न उघडता छाटून टाकला. अशा छाटण्यावरच सगळं चालतं. लाखो रस्ते असले तरी बहुतेक न बघताच जातात, अट एवढीच की बाऊंड घट्ट पाहिजे. ही अट लक्षात ठेवा, खाली परत यायची आहे.

म्हणजे सॉल्व्हरकडं कायम दोन आकडे असतात, एक आतापर्यंतचं सगळ्यात चांगलं उत्तर, दुसरा याच्या पुढं जाताच येणार नाही असा बाऊंड. शनिवारच्या बाजारात घेणारा वर चढतो, विकणारा खाली येतो, तसं हे दोन्ही एकमेकाकडं सरकतात आणि मधल्या फरकाला गॅप म्हणतात. अनुभवी फोरमन डोक्यानं जे उत्तर काढतो ते पुष्कळदा चांगलंच असतं, पण अजून किती सुधारता येईल हे त्याला सांगता येत नाही, सॉल्व्हरला येतं. माझ्या मते सॉल्व्हर वापरायचा तो या दुसऱ्या आकड्यासाठी.

बसवायचं कसं

कमांडची नावं इथं देवनागरीत लिहितोय, टाईप करताना अर्थात इंग्रजीतच करा. पायथॉन घातल्यावर टर्मिनलमध्ये पिप इन्स्टॉल पल्प. पल्प म्हणजे मॉडेल लिहायची सोय, गणित सोडवणारा सीबीसी वेगळा, पण साधारण तो पल्पबरोबरच येतो. आला का ते पल्पच्या लिस्ट-सॉल्व्हर्स या फंक्शनला ओन्ली-अव्हेलेबल ट्रू देऊन बघा, यादीत पल्प-सीबीसी-सीएमडी दिसला की झालं.

आता खरं काम

ऑर्डर अशी धरूया. ईएन-८ स्टीलचे ६००० मिमीचे बार. २२०० मिमीचे १५ पीस, १७५० चे २२, १३०० चे १८. ब्लेड प्रत्येक कापाला २ मिमी खातं. ब्लेडचा हिशोब करायची युक्ती सोपी, प्रत्येक पीसमध्ये २ मिमी वाढवा आणि बारमध्येही एकदा २ मिमी वाढवा, कारण शेवटच्या पीसनंतर काप लागलाच पाहिजे असं नाही. म्हणजे पीस २२०२, १७५२, १३०२ आणि बार ६००२.

सगळ्यांच्या डोक्यात पहिल्यांदा येणारं मॉडेल असं. २० बार धरा, प्रत्येक बारमधून कुठल्या मापाचे किती पीस काढायचे त्याचं एकेक व्हेरिएबल, बार वापरला की नाही त्याचं हो-नाही व्हेरिएबल, आणि बारच्या लांबीच्या वर जायचं नाही ही अट. दिसायला एकदम बरोबर, उत्तरही बरोबरच देणार. पण याचा बाऊंड बघा. तुटकं चालेल म्हटल्यावर सॉल्व्हर नुसती लांबी मोजतो, सगळे पीस मिळून ९५,०१० मिमी, भागिले ६००२, आले १५.८३. म्हणजे त्याच्या मते १६ बारात जमायला हरकत नाही. १७ चं उत्तर लवकर सापडतं आणि मग बसतो १६ शोधत, आणि ते १६ कुठंच नाही. वर सगळे बार सारखेच, त्यामुळं पहिल्या आणि पाचव्या बारची अदलाबदल केली की त्याला वाटतं हे काहीतरी नवीन आहे. एवढ्या छोट्या ऑर्डरला निभावून जाईलही, पण मापं वाढली, बार शंभर झाले की रात्रभर मशीन चालू ठेवून सकाळी गॅप तिथंच.

दुसरं मॉडेल पॅटर्नचं. बार नंबरानं मोजायचेच नाहीत. एका बारमधून काय काय निघू शकतं तेवढे प्रकार आधी काढून ठेवायचे आणि सॉल्व्हरला विचारायचं, कुठला प्रकार किती वेळा कापू? एका बारमध्ये २२०० चे जास्तीत जास्त २, १७५० चे ३, १३०० चे ४ बसतात, म्हणून तीन फॉर लूप एकात एक घातले की ६० जोड्या होतात. त्यातल्या लांबीत बसणाऱ्या, रिकामी सोडून, १९. आणि ज्यात अजून एकही पीस घालायला जागा नाही अशा फक्त ८. त्या आठच ठेवा.

पल्पमध्ये लिहायचं ते एवढंच. एलपी-प्रॉब्लेमनं मॉडेल तयार करा, प्रकार एलपी-मिनिमाइझ. एलपी-व्हेरिएबलच्या डिक्ट्सनं आठ पॅटर्नना एकेक व्हेरिएबल द्या, लो-बाऊंड शून्य, कॅट म्हणजे कॅटेगरी इंटिजर, म्हणजे पूर्ण आकडा. हे कॅट विसरलात तर पल्प त्याला कंटिन्युअस धरतो आणि तुम्हाला ३.२३ बार कापायला सांगतो, एररबिरर काही येत नाही. मग ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे जे कमीत कमी करायचंय ते, इथं सगळ्या व्हेरिएबलची एलपी-सम. शेवटी तीन अटी, प्रत्येक मापाचे पीस मागणीएवढे किंवा जास्त. इथं बरोबरचं चिन्ह टाकू नका, किंवा-जास्तच ठेवा, कारण भरगच्च आठच पॅटर्न ठेवलेत, नेमकी तेवढीच संख्या जुळेलच असं नाही आणि उगाच इन्फीजिबल, म्हणजे सगळ्या अटी पाळणारं उत्तरच नाही असं, येईल. व्हेरिएबलची नावं साध्या इंग्रजी अक्षरांत, मध्ये स्पेस न देता ठेवा.

सॉल्व्ह करताना पल्प-सीबीसी-सीएमडीला एमएसजी ट्रू द्या. बरेचजण स्क्रीन घाण होते म्हणून लॉग बंद करतात, सुरुवातीला तरी करू नका. लॉगमध्ये कंटिन्युअस ऑब्जेक्टिव्ह व्हॅल्यू अशी ओळ येते, तिथं १६.६९ दिसेल. हा पहिला बाऊंड. बार पूर्णच घ्यावे लागतात, म्हणून १७ च्या खाली कुणाचा बापही उतरवू शकत नाही. त्याच ऑर्डरला, त्याच सॉल्व्हरला आधीच्या मॉडेलमध्ये १५.८३ दिसत होतं. पुढं लॉगमध्ये नोड, ऑन ट्री, बेस्ट सोल्युशन, बेस्ट पॉसिबल असे शब्द येतात, म्हणजे किती रस्ते बघून झाले, किती राहिले, हातातलं उत्तर आणि बाऊंड. इथं मात्र १७ सापडलं की काम तिथंच संपतं, झाड वाढायला जागाच नाही.

उत्तर असं निघतं (१७ बारांचं दुसरं एखादं कॉम्बिनेशनही येऊ शकतं, तेही बरोबरच):

दोन २२०० आणि एक १३०० – ३ बार
एक २२०० आणि दोन १७५० – ९ बार
एक १७५० आणि तीन १३०० – ५ बार

मोजून बघा, २२०० चे १५, १३०० चे १८, १७५० चे २३ होतात, म्हणजे एक जादा. तो कापायचा नाही, तेवढा लांब तुकडा तसाच रॅकला लावायचा. बँडसॉवरच्या माणसाला एवढीच तीन ओळींची चिठ्ठी द्या, मराठीत द्या नाहीतर कन्नडमध्ये, गॅप आणि बाऊंड त्याच्या कानावर घालायची गरज नाही. चिठ्ठी प्रिंट करण्याआधी व्हेरिएबलची व्हॅल्यू राऊंड करून घ्या, सॉल्व्हर कधीकधी ९ च्या जागी ८.९९९९९९९ देतो आणि पायथॉनचं इंट त्याचा थेट ८ करतं.

कुठं थांबायचं

मोठ्या ऑर्डरला टाईम-लिमिट द्याच, सेकंदात, आणि गॅप-रेलही द्या, ०.०१ म्हणजे एक टक्का. पण टक्का डोळे झाकून लावू नका. १७ बारांच्या कामात एक बार म्हणजेच जवळजवळ सहा टक्के, तिथं एक टक्क्याला अर्थच नाही, उत्तर आणि बाऊंडमध्ये एका बारपेक्षा कमी फरक राहिला की काम झालं. उलट ऑब्जेक्टिव्ह रुपयात असेल आणि आकडा लाखात असेल तर शेवटच्या अर्ध्या टक्क्यासाठी तासभर थांबणं म्हणजे उगाच. आणि एक, सप्लायर ६ मीटर म्हणून देतो ते बार खरोखर टेप लावून बघितलेत का? काही ५.८ चे निघतात, काही सहाच्या वर. बारची लांबी अंदाजानं टाकायची आणि गॅप शून्य झाल्याशिवाय उठायचं नाही, याला काय म्हणायचं? आधी मापं नीट घ्या. आणि दोन लांबीचे बार असले तर प्रत्येक लांबीचे पॅटर्न वेगळे काढून एकाच मॉडेलमध्ये घालता येतात, वर स्टॉकची अट.

टाईम-लिमिटचा एक फास आहे. वेळ संपल्यामुळं सीबीसी थांबला पण हातात एखादं उत्तर होतं, तर पल्पचा स्टेटस ऑप्टिमल असंच छापतो! खरं काय ते सोल-स्टेटसमध्ये बघायचं, तिथं १ म्हणजे सिद्ध झालेलं ऑप्टिमल, २ म्हणजे नुसतं चालणारं उत्तर. मालकाला "हेच सगळ्यात भारी" असं सांगायच्या आधी हे तपासा.

इन्फीजिबल आलं तर कोड वर-खाली स्क्रोल करत बसू नका. राईट-एलपी या फंक्शननं मॉडेल फाईलमध्ये काढा आणि नोटपॅडमध्ये उघडून वाचा, अटी सरळ समीकरणासारख्या लिहिलेल्या असतात, निम्म्या वेळा चुकीचं चिन्ह तिथंच दिसतं. नाही दिसलं तर प्रत्येक अटीत एक ढिलाईचं व्हेरिएबल घाला, म्हणजे अट मोडायची मुभा, आणि ऑब्जेक्टिव्हमध्ये त्याला मोठा दंड लावा. मग सोडवा, ज्या अटीची ढिलाई शून्य नाही तिथं घोळ आहे.

आता हो-नाही व्हेरिएबलबद्दल, कारण पुढची मागणी हमखास हीच येते, "पॅटर्न कमी वापर, सेटिंग सारखं बदलायला लागतंय." मग प्रत्येक पॅटर्नला एक बायनरी व्हेरिएबल, आणि अट अशी, की पॅटर्नची संख्या बायनरी गुणिले मोठ्या आकड्यापेक्षा जास्त नको. आणि इथं लोकं बिनधास्त दहा लाख टाकतात. टाकू नका. सीबीसी पूर्ण आकडा ओळखताना साधारण दहा लाखात एकाची चूक चालवून घेतो, म्हणजे ०.०००००१ ला तो शून्यच समजतो. त्याला दहा लाखानं गुणलं की झाला १, म्हणजे बायनरी शून्य दाखवतोय आणि पॅटर्न एकदा वापरलाय. शिवाय बाऊंडही एकदम सैल पडतो. एकूण बारच १७ आहेत ना, मग मोठा आकडा १७ टाका.

सीबीसी कमी पडायला लागला तर लगेच लाखांचं लायसन्स घ्यायला धावू नका. एडिनबरो युनिव्हर्सिटीतला हायज हा सॉल्व्हर एमआयटी लायसन्सचा आहे, पायथॉनच्या सायपाय लायब्ररीतल्या मिल्प फंक्शनच्या आत तोच बसलाय, आणि नवीन काम सुरू करणार असाल तर मी तोच आधी लावून बघा म्हणेन. बर्लिनच्या झूझे इन्स्टिट्यूटचा स्किप २०२२ पासून अपाची लायसन्सखाली आलाय. पल्पचं मॉडेल तेच ठेवून सॉल्व्हरचं नाव तेवढं बदलायचं. पण मॉडेल पहिल्या जातीचं असेल तर सॉल्व्हर बदलून फारसं काही होत नाही, आधी बाऊंड बघा.

पॅटर्नची अडचण एकच, मापं पंधरा-वीस झाली आणि पीस बारके असले की पॅटर्न लाखात जातात, सगळे लिहून काढणं शक्य नाही. याचा तोडगा गिलमोर आणि गोमोरी या दोघांनी १९६१ मध्ये काढून ठेवलाय, कॉलम जनरेशन. सुरुवातीला मोजकेच पॅटर्न घ्या आणि इंटिजर न लावता सोडवा. पल्पमध्ये प्रत्येक अटीचं पाय (इंग्रजीत पी-आय) म्हणून ॲट्रिब्यूट असतं, त्यातून त्या मापाच्या एका पीसची किंमत कळते, बारच्या हिशोबात. आपल्या ऑर्डरमध्ये शेवटी २२०० चा पीस ०.३८५ बार, १७५० चा ०.३०८, १३०० चा ०.२३१ असा निघतो. आता नवीन पॅटर्न घ्यावा का? त्यातल्या पीसच्या किमतीची बेरीज करा. १७५० चे तीन घेतले तर ०.९२३, एका बारपेक्षा कमी, म्हणजे घाट्याचा, आत घ्यायचा नाही. बेरीज १ च्या वर गेली तरच घ्यायचा. सगळ्यात जास्त बेरीज देणारा पॅटर्न शोधणं हे वरच्या व्हीएमसीच्या गणितासारखंच एक छोटं गणित आहे, तासाच्या जागी मिमी आणि रुपयाच्या जागी या किमती, तेही सीबीसीलाच द्या. सापडला की यादीत घाला, परत सोडवा, परत किमती काढा. १ च्या वर जाणारा पॅटर्न मिळेनासा झाला की लूप बंद, आणि जमलेल्या पॅटर्नना कॅट इंटिजर लावून एकदा शेवटचं सॉल्व्ह. उत्तर बहुतेक वेळा बाऊंडपासून एखाद्या बारच्या अंतरावर येतं, आणि शंभर बारांच्या ऑर्डरला तेवढं पुष्कळ झालं.